वण, डाग आणि खड्डे: उपचार कुठून सुरू करायचे

टाके काढताना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सिस्टर, वण राहील का हो?" बहुतेक वेळा तो पेशंटपेक्षा पेशंटची आईच विचारते. खरं उत्तर असं, की नुसतं वरवर खरचटलं असेल तर काही राहत नाही. जखम कातडीच्या खालच्या जाड थरापर्यंत गेली असेल तर वण राहतोच. तो पूर्ण पुसून टाकणारं मलम, तेल किंवा लेझर अजून निघालेलं नाही. मात्र तो किती रुंद होणार, किती वर येणार, किती काळा दिसणार हे बऱ्याच अंशी पहिल्या काही महिन्यांत ठरतं. नेमका तोच काळ लोक शेजारणीने सुचवलेल्या मलमावर घालवतात आणि मग वर्षाने दवाखान्यात येतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. पुण्यातल्या एका ड्रेसिंग रूममध्ये काम करताना जे रोज दिसतं, आणि आमचे त्वचारोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन पेशंटला जे पुन्हा पुन्हा सांगतात, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमची जखम जुनी असेल तर पहिला टप्पा सोडून थेट दुसऱ्यावर जा.

पहिला टप्पा: जखम अजून ओली आहे

पुण्यातल्या जखमांचं मूळ शोधायला गेलं की दुचाकी सापडते. पहिल्या पावसात वळणावर गाडी घसरते, कोपर आणि गुडघा सोलवटतो. त्या सोलवटलेल्या जागेत डांबराचे, खडीचे बारीक कण रुतून बसलेले असतात. वरवर रक्त पुसून लाल औषध लावलं की ते दिसेनासे होतात. पण कातडी त्यांच्यावरूनच भरून येते आणि निळसर काळे ठिपके गोंदवल्यासारखे कायमचे आत राहतात. ते नंतर काढायला लेझर लागतं आणि तरीही सगळे निघतीलच असं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम नीट धुवा. एवढं करूनही ठिपके दिसत असतील तर दवाखान्यात जाऊन जागा बधिर करून ते घासून काढून घ्या. त्या दहा-पंधरा मिनिटांचं मोल पुढे आयुष्यभराचं असतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तेव्हाच विचारा.

दुसरी नेहमीची जखम म्हणजे सायलेन्सरचा चटका, उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला, लंबगोल. त्यावर पहिला आणि सगळ्यात मोठा उपचार म्हणजे नळाचं साधं गार पाणी, सलग २० मिनिटं. चटका बसून तीन तासांच्या आत केलं तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नका, त्याने कातडीला आणखी इजा होते. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांतलं काहीही नको. हळदीबद्दल मला लोकांशी वाद घालावा लागतो, कारण ती घरातली आणि विश्वासाची वस्तू आहे. पण भाजलेल्या जागी हळद लावली की जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसतच नाही आणि ती खरवडून काढताना पेशंट कळवळतो. फोड आला असेल तर तो स्वतः फोडू नका.

मग येतो "वारा लागू दे, लवकर सुकेल" हा सल्ला. जखम उघडी ठेवली की जाड खपली धरते, खपलीखाली नवी कातडी सरकायला वेळ लागतो, खपली ओरबाडली जाते आणि वण जास्त उठून दिसतो. जखमेवर अँटिबायोटिक पावडरचा थर टाकला की हेच होतं. त्यापेक्षा रोज धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या आणि वर न चिकटणारं ड्रेसिंग लावा. कातडी मऊ राहते, खाज कमी येते, जखम लवकर मिटते.

जखमेच्या कडा फाकलेल्या असतील तर काही तासांतच टाके घालून घ्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत काढतात, हातापायांचे १० ते १४ दिवसांत. "ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही" म्हणून चेहऱ्यावरचे टाके दोन आठवडे ठेवले की मूळ जखमेशेजारी टाक्यांच्या आडव्या खुणाही राहतात. आणखी एक गोष्ट, टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नसतं. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम २० ते ३० टक्के असते आणि पुढे कितीही वर्षं गेली तरी ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते. पाठीवर, खांद्यावर, गुडघ्यावर टाके पडले असतील तर जिम, वजन उचलणं, सिंहगडाची चढाई हे डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. ताणाने वण रुंद होतो, आणि रुंद झालेला वण मलमाने अरुंद होत नाही.

दुसरा टप्पा: नेमकं काय आहे ते ओळखा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याला एक पैसाही लागत नाही. काळ्या डागाचं क्रीम खड्ड्यांवर आणि खड्ड्यांचं लेझर केलॉइडवर (जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणाऱ्या गाठीवर), असे उलटेसुलटे उपचार झालेले पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा पैसे तर गेलेलेच असतात, कधी कधी कातडीही बिघडलेली असते.

सकाळी खिडकीशी असे उभे राहा की उजेड एका बाजूने चेहऱ्यावर पडेल. समोरून येणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये खड्डे लपतात, बाजूच्या उजेडात त्यांची सावली दिसते. मग डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवा.

बोटाला काहीच लागलं नाही, कातडी सपाट आहे, फक्त रंग तपकिरी किंवा काळपट आहे, तर तो वण नव्हेच. मुरुम, चटका, कांजण्या, डास चावल्यावर खाजवणं, कशानेही कातडीला त्रास झाला की आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त तयार होतं. हे डाग महिन्यांनी का होईना, फिके होतात. रंग निळसर करडा असेल तर तो खोल आहे, त्याला जास्त वेळ लागतो. सपाट पण लालसर किंवा गुलाबी असेल तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अजून फुललेल्या आहेत. हाही रंग वेळेनुसार उतरतो.

बोट खाली गेलं तर खड्डा आहे. मुरुमांच्या खड्ड्यांचे तीन प्रकार असतात. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल हा पहिला. उभ्या कडांचे, तळ सपाट असलेले हा दुसरा. तिसरा प्रकार पसरट, लाटांसारख्या उंचसखल गालांचा. गाल दोन बोटांनी हलकेच ताणा. ताणल्यावर खड्डा नाहीसा होत असेल तर तो बहुधा तिसऱ्या प्रकारातला. एकाच चेहऱ्यावर तिन्ही असू शकतात.

बोट वर गेलं तर एकच प्रश्न विचारायचा: हा उंचवटा मूळ जखमेच्या हद्दीतच आहे की बाहेर पसरला आहे? हद्दीत असेल तर तो फुगलेला वण, डॉक्टर त्याला हायपरट्रॉफिक म्हणतात. तो वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआप बसतो. हद्द ओलांडून निरोगी कातडीवर चढत असेल, खाजत किंवा टोचत असेल तर केलॉइडची शंका घ्या आणि खाली त्याच्यासाठी वेगळं लिहिलेलं वाचा. भाजल्यानंतर कातडी आखडून सांधा सरळ होत नसेल तर ती आणखी वेगळी गोष्ट आहे आणि तिथे घरगुती उपायांवर एक दिवसही घालवू नये.

ओळख पटली की एक फोटो काढा. तीच खिडकी, तीच वेळ, तेवढंच अंतर, महिन्यातून एकदा. रोज आरशात बघून काही कळत नाही आणि जीव मात्र खालीवर होतो.

तिसरा टप्पा: नवा वण, पहिले तीन ते सहा महिने

जखम पूर्ण मिटली, खपली गेली, कुठूनही ओल नाही, की सिलिकॉन सुरू करायचं. घरी वापरायच्या सगळ्या गोष्टींत यामागे सर्वात भक्कम अनुभव आहे. जेल आणि पट्टी अशा दोन रूपांत ते मेडिकलमध्ये मिळतं. पट्टी दिवसाचे निदान १२ तास, जमलं तर त्याहून जास्त ठेवायची. रोज सौम्य साबणाने धुवायची, वाळवायची आणि पुन्हा लावायची. एकच पट्टी अशी बरेच दिवस चालते. पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यात पट्टीखाली घाम साचून बारीक पुरळ येतं. तसं झालं तर दिवसा जेल आणि रात्री पट्टी असं करा. चेहऱ्यावर आणि सांध्यांवर जेलच सोयीचं. जेल लोक भरपूर थापतात, मग ते कपड्याला लागतं आणि "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. अगदी पातळ थर पुरतो, तो चार-पाच मिनिटांत सुकला पाहिजे. किमान दोन-तीन महिने रोज वापरल्याशिवाय निकाल लावू नका.

सिलिकॉन परवडत नसेल तर मेडिकलमधला साधा कागदी चिकट टेप घ्या. वणावर लांबीच्या दिशेने लावायचा, आंघोळीत भिजला तरी चालतो, आपोआप सुटेपर्यंत ठेवायचा आणि मग नवा. जखमेवरचा ताण कमी होतो. सिझेरियनच्या आणि पाठीवरच्या वणांसाठी मी हे आवर्जून सांगते. तीन महिने करायचं.

मालिश साधारण टाके निघाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. बोटाच्या पेराने वणावर इतका दाब द्या की तिथला रंग क्षणभर फिका पडेल. मग त्याच दाबाने गोल, उभं, आडवं फिरवा. नुसतं वरून चोळू नका, खालच्या थरासकट कातडी सरकली पाहिजे. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल पुरतं. महागडं "स्कार ऑइल" घ्यायचं तर घ्या, पण काम दाबाने होतं, तेल फक्त बोट सरकायला लागतं. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून लावण्याचं खूळ मात्र सोडा. तिने वण सुधारल्याचा भरवसा नाही आणि बऱ्याच जणांना खाज-पुरळ उठतं, ज्यातून नवे काळे डाग पडतात.

आता ऊन. नवा वण उन्हात काळा पडला की तो काळेपणा मूळ वणापेक्षा जास्त दिवस त्रास देतो. आपल्याकडे मुली स्कूटरवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून जातात, ते चांगलंच आहे, पण पातळ सुती स्कार्फमधून ऊन येतं. त्याखाली सनस्क्रीन हवंच. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, यूव्हीए संरक्षण असलेलं. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं लागतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ज्यांना काळे डाग पटकन पडतात त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. दिसणाऱ्या प्रकाशानेही आपल्या त्वचेत डाग गडद होतात आणि ते साध्या सनस्क्रीनने अडत नाही. पोटरीवरच्या चटक्याला सनस्क्रीन लावणारं मी क्वचितच पाहिलं आहे. तिथे निदान पूर्ण पँट घाला.

चौथा टप्पा: मुरुमांचे डाग आणि खड्डे

मुरुम चालू असताना खड्ड्यांवर पैसे घालू नका. आधी मुरुम थांबले पाहिजेत, कारण प्रत्येक नवा मुरुम नवा खड्डा पाडू शकतो. पेठांमधल्या अभ्यासिकांत तासन्‌तास बसणाऱ्या मुलामुलींचा एक हात पुस्तकावर आणि दुसरा गालावर असतो. विचार करता करता मुरुम खरवडला जातो आणि कळतही नाही. नखं कापा, आणि फुगलेल्या मुरुमावर मुरुमांसाठी मिळणारा छोटा गोल पॅच चिकटवा, म्हणजे बोट तिथे जाऊन अडतं. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा आणि स्कार्फ दर दोन-तीन दिवसांनी धुवा.

इथे सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट येते. मेडिकलमध्ये "डागांवर काहीतरी द्या" म्हटलं की जी छोटी ट्यूब हातात येते, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. आठवड्याभरात चेहरा उजळतो, मुरुम दबतात, म्हणून मैत्रिणीलाही ती ट्यूब सांगितली जाते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, गाल लाल राहतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुलींच्या चेहऱ्यावर केस वाढतात, मुरुम दुपटीने येतात. ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, तरी ती मिळतातच. तुम्ही महिनोन्‌महिने वापरत असाल तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ती सोडवायचीही एक पद्धत असते.

सपाट काळ्या डागांसाठी सनस्क्रीन, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड क्रीम आणि धीर हे पुष्कळांना पुरतं. मुरुम आणि डाग दोन्ही असतील तर डॉक्टर अ‍ॅडापालीन देतात. ते जेल रात्री, चेहरा कोरडा करून, पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड लावायचं. पहिले काही आठवडे साल निघते, थोडं जळजळतं, आणि खरा फरक दिसायला तीन महिने जातात. गरोदर असाल किंवा बाळाचा विचार चालू असेल तर हे वापरू नका. डाग फिके करणारं हायड्रोक्विनोनचं क्रीमही तेव्हा नको, आणि एरवीही ते डॉक्टरांच्या देखरेखीत काही महिनेच वापरायचं असतं. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यांनी कातडी भाजते आणि डाग वाढतात. कोरफडीच्या गराने थंड वाटतं, नुकसान सहसा नाही, पण खड्डा त्याने भरत नाही.

खरं तर कुठल्याच क्रीमने खोल खड्डा भरत नाही. त्यासाठी प्रक्रिया लागते आणि ती खड्ड्याच्या आकारावर ठरते. सुईएवढ्या अरुंद खड्ड्यांत काडीच्या टोकाने तीव्र टीसीए अ‍ॅसिड टेकवतात, याला क्रॉस पद्धत म्हणतात. पसरट, खालून ओढल्या गेलेल्या खड्ड्यांत कातडीखाली सुई घालून ते बंध सोडवतात, ते सबसिजन. उभ्या कडांच्या खड्ड्यांना फ्रॅक्शनल लेझर (बारीक बारीक ठिपक्यांत मारलेलं लेझर) किंवा छोटा गोल छेद. उथळ खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी कातडी टोचणं. चांगला डॉक्टर यांतलं दोन-तीन एकत्र योजतो, चेहऱ्याच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळं. प्रत्येकाला त्याच मशीनचं, तेच सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं जात असेल तर उठून या. आपल्या त्वचेत लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो, म्हणून लेझरची ताकद कमी ठेवून, महिना-दीड महिन्याच्या अंतराने पुढे जावं लागतं. खड्डे निम्म्याने जरी कमी दिसले तरी तो चांगला निकाल समजा.

घरी डर्मा रोलर (बारीक सुयांचं छोटं चाक) फिरवू नका. ऑनलाइन स्वस्तात मिळतो, व्हिडिओत सोपा दिसतो. पण एका मुरुमातले जंतू तो अख्ख्या गालभर पेरतो.

केलॉइड असेल तर

कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे, जबडा या त्याच्या आवडत्या जागा. आमच्याकडे कॉलेजच्या मुली येतात, बहुतेकींनी कानात वर दुसरं-तिसरं छिद्र पाडलेलं असतं. आधी शेंगदाण्याएवढी गाठ, वर्षभरात बोराएवढी, आणि ती झाकायला केस सतत पुढे घेतलेले. लहानपणी टोचलेल्या कानांपेक्षा ११ वर्षांनंतर टोचलेल्या कानांत केलॉइड जास्त आढळल्याचं दिसून आलं आहे. आई-वडील, भावंडं यांच्यापैकी कुणाला केलॉइड असेल तर हौसेचं छिद्र, टॅटू हे सगळं टाळाच.

दोरा बांधून गाठ पाडणं, चुना लावणं, नुसती कापून टाकणं यांनी ती पुन्हा येते आणि बहुधा पहिल्यापेक्षा मोठी. फक्त शस्त्रक्रिया केली तर निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांत केलॉइड परत येतो. म्हणून सुरुवात गाठीत ट्रायामसिनोलोन या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने होते, साधारण दर महिन्याला एक, कितीतरी महिने. इंजेक्शन दुखतं, हे आधीच सांगते. बधिर करणारं औषध त्यात मिसळायला सांगता येतं. जवळची कातडी थोडी फिकी किंवा पातळ होऊ शकते. काही वेळा फाइव्ह-एफयू नावाचं औषध किंवा गोठवण्याचा उपचार जोडतात. कापायचंच ठरलं तर नंतर इंजेक्शनं, दाब देणारी कर्णफुलं किंवा मोजके दिवस रेडिएशन, यांतलं काहीतरी ठरवूनच कापतात. खाज आणि टोचणं आधी थांबतं, गाठ नंतर बसते. खाज गेली म्हणून मधेच येणं बंद करू नका.

भाजल्यानंतर आखडलेली कातडी

मान, काख, कोपर, बोटं इथे भाजलं असेल तर जखम भरायच्या आतच फिजिओथेरपी सुरू व्हावी लागते. कातडी आखडते ती महिनोन्‌महिने आखडत राहते. स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारा आधार) आणि मापाने शिवलेले घट्ट प्रेशर गारमेंट दिवसाचे २३ तास घालायचे असतात, फक्त आंघोळ आणि मालिशपुरते काढायचे. पुण्याच्या उन्हाळ्यात हे किती कठीण जातं ते मी बघते, त्यामुळे दोन जोड करून घ्या, एक धुवायला एक अंगावर. सांधा अडलाच तर प्लास्टिक सर्जन आखडलेला भाग सोडवून नवी कातडी लावतात. लहान मुलांत हे लांबवू नये, कारण हाड वाढतं आणि वण वाढत नाही.

जुन्या भाजलेल्या वणावर जखम झाली आणि ती काही आठवड्यांत भरली नाही, तिथून रक्त किंवा वास येऊ लागला, तर तुकडा काढून तपासून घ्या. वर्षानुवर्षं जुन्या भाजलेल्या वणांत क्वचित कर्करोग होतो आणि तो लवकर सापडणं फार महत्त्वाचं आहे.

पुण्यात कुणाकडे जायचं

डाग, मुरुम, खड्डे, केलॉइड यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ: एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही अशी पदवी. आखडलेला, रुंद किंवा चेहऱ्यावर आडवा गेलेला वण असेल तर प्लास्टिक सर्जन: एमसीएच किंवा डीएनबी. पाटीवर नुसतं "कॉस्मेटॉलॉजिस्ट" किंवा "स्किन एक्सपर्ट" असेल तर पदवी विचारा. विचारण्यात काही उद्धटपणा नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो.

पैशांची अडचण असेल तर स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात जा, तिथे त्वचारोग आणि प्लास्टिक सर्जरी दोन्ही विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, आधीच्या चिठ्ठ्या आणि लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. धनकवडीचं भारती, नऱ्ह्याचं काशीबाई नवले, पिंपरीचं डी. वाय. पाटील ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथली त्वचेची ओपीडीही खासगी क्लिनिकपेक्षा सहसा हलकी पडते. भाजण्याच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा. केवळ सौंदर्यासाठीचे उपचार मात्र विम्यात आणि योजनेत सहसा धरत नाहीत.

खासगी क्लिनिकमध्ये पैसे भरण्याआधी एवढं विचारा: माझ्या वणाचा प्रकार कोणता? लेझर किंवा सुई स्वतः डॉक्टर चालवणार की सहायक? एकूण किती सिटिंग, आणि सगळं मिळून खर्च किती? माझ्यासारख्या रंगाच्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का? काळे डाग पडले तर पुढे काय करणार? तोंडाभोवती वारंवार हर्पिसचे पाणीदार फोड येत असतील, केलॉइडचा इतिहास असेल, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर ते न विचारताही सांगा.

लग्नाची तारीख ठरली असेल तर

हे शेवटी लिहिते, कारण निम्मे लोक तारखेमुळेच येतात आणि उशिरा येतात. डिसेंबरात लग्न असेल तर खड्ड्यांची पहिली भेट एप्रिल-मेमध्ये व्हायला हवी. आधी दोन-तीन महिने मुरुम आटोक्यात, मग महिन्याच्या अंतराने तीन-चार सिटिंग, आणि शेवटच्या सिटिंगनंतर निदान एक मोकळा महिना. केलॉइडच्या इंजेक्शनांना याहूनही जास्त वेळ धरा. तारीख सहा आठवड्यांवर आली असेल तर लेझर, पील, नवीन फेशियल काहीच करू नका. सनस्क्रीन, रोजचं मॉइश्चरायझर आणि मेकअप एवढंच. काळपट डागावर आधी नारिंगी करेक्टर बोटाने थोपटून लावा, त्यावर तुमच्या रंगाचं कन्सीलर, मग पावडर. मेकअप करणाऱ्या ताईंना लग्नाआधी दोन आठवडे एकदा चाचणी घ्यायला सांगा आणि ती दिवसाच्या उजेडात बघा. खड्ड्यांवर चकाकणारं काही लावू देऊ नका, हॉलमधल्या व्हिडिओच्या दिव्यांत ते उठून दिसतात. राहिलेले उपचार लग्नानंतर महिन्याभराने, उन्हातून फिरून आलेला रंग उतरला की सुरू करता येतात.